तारुण्याचे भांडवल

जबलपूर हे एके काळी तलावांचे गाव होते. गोंड राणी दुर्गावती हिने बांधविला तो राणीताल, तिचा दिवाण आधारसिंह कायस्थ याने बांधविला तो आधारताल आणि राणीच्या दासीने, म्हणजे चेरीने, बांधविला तो चेरीताल, अशी कथा त्या गावात परंपरेने चालत आली आहे. तिची ऐतिहासिक छाननी करण्याचे हे स्थळ नव्हे. आज चेरीताल म्हटले की लोकांना पाणी आठवत नाही. घरे, दुकाने व शिकवण्यांच्या पाट्या यांनी भरलेली एक वस्ती आठवते. तरीही कथेतला एक बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पाऊस राणीच्या अंगणात पडला तसाच दासीच्याही अंगणात पडला असणार. नाव मात्र पाऊस पडला त्याचे राहिले नाही, बांध घातला त्याचे राहिले.

भारतातील तरुणांच्या संख्येविषयी गेली वीस-पंचवीस वर्षे जे बोलले जाते, ते ऐकताना ह्या बांधाची आठवण होते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये भारत लोकसंख्येत चीनच्या पुढे गेला. पण नुसती संख्या ही परदेशी भांडवलदाराला भुरळ घालणारी गोष्ट नव्हे. त्याचे लक्ष आहे ते वयाकडे. देशातील सर्व माणसे वयाच्या क्रमाने एका रांगेत उभी केली, तर अगदी मध्यभागी उभा राहणारा माणूस भारतात सुमारे अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा निघतो. चीनमध्ये तो चाळिशीला टेकलेला आहे, जर्मनीत पंचेचाळिशीच्या आसपास आहे आणि जपानमध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर. चीनची एकूण लोकसंख्याच २०२२ पासून घटू लागली. जेथे काम करणारे हात कमी होत चालले आणि पेन्शन घेणारे वाढत चालले, तेथील कारखानदाराने नवा कारखाना कोठे घालावा ह्याचा विचार करताना नकाशावर भारताभोवती खूण करावी, हे स्वाभाविक आहे.

अर्थशास्त्रात ह्याला लोकसंख्येचा लाभांश म्हणतात. कल्पना सोपी आहे. एखाद्या देशात जन्मप्रमाण घटू लागले की काही वर्षे पोसण्याची मुले कमी असतात, म्हातारी माणसे अजून फारशी झालेली नसतात, आणि कमावत्या वयाची पिढी मात्र मोठी असते. घरात खाणारी तोंडे थोडी व राबणारे हात पुष्कळ असले म्हणजे चार पैसे शिल्लक पडतात, हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते. तेच देशाच्या बाबतीत घडते. डेव्हिड ब्लूम आणि जेफ्री विल्यमसन ह्या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे कोरिया, तैवान, सिंगापूर आदी पूर्व आशियाई देशांच्या भरभराटीतला एक तृतीयांशापर्यंतचा वाटा ह्या वयोरचनेचा होता.

परंतु लाभांश हा शब्द थोडा फसवा आहे. लाभांश शेअर घेतलेल्याला घरबसल्या मिळतो. येथे तसे काही नाही. तारुण्य हेच जर भांडवलाला खेचून आणीत असते, तर आफ्रिकेतील नायजर हा देश आज जगातल्या कारखानदारांची पंढरी ठरला असता. तेथील रांगेतला मधला माणूस पंधरा वर्षांचा आहे! भांडवल तिकडे धावत नाही, आणि ते का धावत नाही हे कळण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. चेरीतालपासून थोड्या अंतरावर असलेल्या कारखान्यांच्या भिंतींपाशी थोडा वेळ थांबले तरी पुरे.

हाताला वळण लावण्याचा उद्योग जबलपुराला नवा नाही. ठगांचा बंदोबस्त करणारा कर्नल स्लीमन ह्याने १८३७ च्या सुमारास तेथे एक उद्योगशाळा काढली. माफीचे साक्षीदार झालेले ठग व त्यांची मुले तेथे तंबू आणि गालिचे विणण्यास शिकली. ज्या हातांना रुमालाच्या फासाखेरीज दुसरे कसब ठाऊक नव्हते, त्या हातांच्या पुढच्या पिढीने माग चालविला, ही घटना उद्योगशिक्षणाच्या इतिहासात जितकी सांगितली जावी तितकी सांगितली गेलेली नाही. पुढे १८७० मध्ये मुंबईहून आलेला लोहमार्ग आणि अलाहाबादेकडून आलेला लोहमार्ग जबलपुरात एकमेकांना मिळाले. समुद्रापासून दूर, सरहद्दीपासून दूर आणि तरीही रेल्वेने दोन्ही बाजूंस जोडलेले, असे हे ठिकाण लष्कराच्या नजरेत भरले. १९०४ मध्ये तेथे तोफगाडे तयार करण्याचा कारखाना उभा राहिला. गावातले लोक त्याला आजही नुसते ‘गन कॅरेज’ किंवा जी.सी.एफ. म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना आला; १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा कारखाना आला. १९४७ मध्ये सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज निघाले होतेच.

तोफेच्या गाड्याला केसभर चूक चालत नाही. त्यामुळे अर्धशतकाहून अधिक काळ जबलपुरात फिटर, टर्नर, साचेकाम करणारे, ओतारी असे कारागीर घडत राहिले आणि त्यांची विद्या मुलांकडे, पुतण्यांकडे, शेजारच्या पोरांकडे झिरपत राहिली. गावाची संपत्ती मोजायची तर ह्या मंडळींना पहिले स्थान द्यावे लागेल. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच मध्यप्रांताचे घटक होते. तेव्हापासून व त्याआधीपासून तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही ‘मुलगा गन कॅरेजमध्ये लागला’ हे वाक्य पेढ्यांच्या पुड्यासह उच्चारले जाई.

परदेशही येथे आला. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या आराखड्यावरून बनलेला शक्तिमान ट्रक आणि जपानच्या निसान कंपनीच्या आराखड्यांवरून बनलेली जोंगा जीप व एक टनी लष्करी वाहने जबलपूरच्या कामगारांनी बांधली आणि ती हिमालयाच्या घाटांत चढली. जर्मन व जपानी अभियंत्यांनी आखलेले यंत्र येथल्या हातांना पेलते, ह्याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते? तरीही त्या कंपन्यांनी येथे नकाशे व परवाने विकले. आपले भांडवल घालून कारखाना काढला नाही. ह्याचे कारण कामगारात नव्हते. १९५६ च्या औद्योगिक धोरणाच्या ठरावाने शस्त्रास्त्रांचे उत्पादन सरकारसाठी राखून ठेवले होते. ते क्षेत्र खाजगी उद्योगाला आणि मर्यादित प्रमाणात परकीय भांडवलाला खुले झाले ते २००१ मध्ये. तोवर जबलपूरचे कौशल्य भिंतीच्या आत तयार होत होते, भिंतीच्या आतच वापरले जात होते आणि साठ वर्षे झाली की पेन्शनीत निघत होते. गावात ह्या कसबाला एकच गिऱ्हाईक होते, आणि ते गिऱ्हाईक सरकार होते. एकच गिऱ्हाईक असलेल्या बाजारात मालाची किंमत ठरते खरी, पण बाजार वाढत नाही.

ह्याच्या शेजारी पुण्याचे उदाहरण ठेवून पाहिले म्हणजे फरक उलगडतो. पुण्याच्या परिसरात खडकीला लष्करी कारखाने होतेच; पण तेथे किर्लोस्करांची ऑइल एंजिने होती, १९५४ नंतर पिंपरीस पेनिसिलिनचा कारखाना झाला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन होऊन भूखंड व पाणी मिळू लागले आणि साठीच्या दशकात सँडविक, ॲटलास कॉप्को, एस.के.एफ. अशा स्वीडिश कंपन्या येऊन वसल्या. त्याच दशकाच्या मध्यास सुमंत मुळगावकर ह्यांनी टेल्कोचा पुण्यातला कारखाना योजला. त्यांनी काय केले, तर मोटारी बनविण्याआधी मोटारी बनविणारी माणसे बनवायला घेतली. शिकाऊ उमेदवारांची प्रशिक्षणशाळा आणि यंत्रे घडविणारा विभाग आधी उभे राहिले. पुण्याहून मालमोटारी बाहेर पडायला सत्तरीचे दशक उजाडले. हिशेबी माणसाला हा उशीर वाटेल. वस्तुतः पुढच्या साऱ्या घाईची तयारी त्या उशिरात झाली होती. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखानदारावर घातलेले बंधन अनेकांनी ओझे म्हणून वाहिले. येथे ते बियाणे म्हणून वापरले गेले.

१९९१ मध्ये देशाचे दरवाजे उघडले. मर्सिडीज-बेंझ ही कंपनी १९९४ मध्ये भारतात आली ती पुण्यालाच, आणि तिच्या पहिल्या गाड्या टेल्कोच्या आवारात जुळविल्या गेल्या. २००९ मध्ये चाकणला फोक्सवागनचा कारखाना सुरू झाला. ह्या कंपन्यांना तरुण मजूर हवे होते हे खरे, परंतु तरुण मजूर देशात कोठेही मिळाले असते. त्यांना हवा होता तो मायक्रोमीटर वाचणारा तरुण, त्याच्यावर देखरेख करणारा पंचेचाळीस वर्षांचा फोरमन आणि सुटा भाग दोन दिवसांत करून देणारा भोसरीतला छोटा कारखानदार. ही तिन्ही माणसे एका हाकेच्या अंतरावर असावी लागतात. त्यांतला फोरमन तर तरुण नसतोच! तरुण कामगार हे आकर्षण ठरते ते त्याच्या मागे उभ्या असलेल्या प्रौढ कारागिरामुळे, ही गोष्ट गुंतवणुकीच्या जाहिरातींत सहसा छापली जात नाही.

जबलपूरला काय कमी होते, तर हे अनेक गिऱ्हाइकांचे गाव होणे. आणि त्याची भरपाई तरुणांनी आपल्या पायांनी केली. भांडवल तरुणांकडे आले नाही की तरुण भांडवलाकडे जातात. हा नियम पाण्याच्या उताराइतका साधा आहे. चेरीतालमधला मुलगा पदविका घेऊन पुण्याला, बंगळूरला, नोएडाला जातो. घरातून महिन्याला फोन येतो आणि पैसे उलट दिशेने जातात. २०११ च्या जनगणनेत जबलपूर व त्याच्या उपनगरांची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या वर होती. म्हणजे माणसांचा दुष्काळ तेथे नाही. पण जाणारा निवडून जातो. जो अधिक शिकलेला तो आधी जातो, आणि जो मागे राहतो त्याच्याकडे बोट दाखवून बाहेरचा भांडवलदार म्हणतो की येथे कुशल माणूस मिळत नाही.

परदेशी भांडवलाला तरुण हवा असतो तो नेहमी कुशलच हवा असतो, असेही नाही. कित्येकदा त्याला केवळ स्वस्त आणि निमूट तरुण हवा असतो. अशा ठिकाणी मराठीतला ‘भांडवल करणे’ हा वाक्प्रचार अक्षरशः खरा होतो. गेल्या काही वर्षांत दूरध्वनीचे संच जुळविण्याचे मोठे कारखाने दक्षिणेत आले. तामिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर येथे तैवानच्या फॉक्सकॉन कंपनीत बहुसंख्य कामगार खेड्यापाड्यांतून आलेल्या तरुण मुली आहेत. त्यांची बोटे चपळ, दृष्टी तीक्ष्ण. डिसेंबर २०२१ मध्ये एका वसतिगृहातील अन्नातून शेकडो मुलींना विषबाधा झाली, मुली रस्त्यावर उतरल्या, आणि कारखाना काही आठवडे बंद राहिला. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर २०२० मध्ये, कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात नरसापूर येथे विस्ट्रॉन कंपनीच्या कारखान्यात पगाराच्या तक्रारीवरून कामगारांनी मोडतोड केली. दंगल समर्थनीय नव्हती. परंतु ज्या वयाचे आकर्षण म्हणून भांडवल आले त्याच वयाला राग लवकर येतो, हे भांडवलाने विसरू नये. तरुणाला पगाराबरोबर पाणी लागते, झोपायला जागा लागते, आणि उद्या आपण ह्याहून वरचे काम करू अशी आशा लागते. तीन वर्षे एकच स्क्रू पिळून जो घरी परततो तो पंचविसाव्या वर्षी पुन्हा अकुशलच असतो. फरक इतकाच की आता तो तितका तरुणही नसतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. देशाच्या तरुणांची संख्या सांगताना मुली धरल्या जातात आणि कामाला माणसे मोजताना त्या गळतात. सरकारी पाहणीप्रमाणे २०१७-१८ मध्ये पंधरा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकी तेवीसच कामात होत्या किंवा काम शोधीत होत्या. २०२३-२४ मध्ये हा आकडा जवळजवळ बेचाळीसवर गेला. वाढ मोठी आहे. पण तिचा बराच भाग खेड्यांतील घरच्या शेतावर वा घरच्या धंद्यात राबणाऱ्या बायकांचा आहे, हेही त्याच पाहणीत दिसते. जबलपुरात तयार कपड्यांचा, विशेषतः सलवार-सूट शिवण्याचा धंदा नावाजलेला आहे. शिवणयंत्र चालविणारी बाई तेथे नवी नाही. तिला घराच्या ओट्यावरून कारखान्यात आणायचे तर रात्री सुखरूप परत नेणारी बस आणि मुलाला सांभाळणारे पाळणाघर लागते. ह्या दोन्ही गोष्टी कोणत्याही परदेशी कराराशिवाय होऊ शकतात.

शिक्षणाचा प्रश्न सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी आकर्षक आहे. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत शंभर पदवीधरांपैकी सुमारे एक्कावन्नच कामावर घेण्याजोगे असतात असा उल्लेख आला. दहा वर्षांपूर्वी हे प्रमाण चौतीसच्या आसपास होते, तेव्हा सुधारणा झाली हे मान्य करावे; तरी उरलेल्या एकूणपन्नासांनी पदवीचे काय करावे? त्याच पाहणीने असेही सांगितले की, २०३० पर्यंत शेतीबाहेर दर वर्षी साडेअठ्ठ्याहत्तर लाख नवी कामे निर्माण व्हावी लागतील. दर वर्षी! परकीय भांडवलाने हा सारा भार उचलावा अशी अपेक्षा करणे म्हणजे पाहुण्याने घरची चूल पेटवावी अशी अपेक्षा करण्यासारखे आहे. पाहुणा आला तर उत्तमच. तो येताना नवे यंत्र, नवी शिस्त आणि परदेशची बाजारपेठ घेऊन येतो. पण पीठ घरचेच लागते.

ज्या देशांत तारुण्य सरले ते आता दुसऱ्या मार्गानेही येऊ लागले आहेत. कारखाना भारतात नेण्याऐवजी भारतातला कामगारच आपल्याकडे न्यावा, असा त्यांचा विचार आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. जपाननेही भारतीय कामगारांसाठी अशी दारे उघडली आहेत. परिचारिका, वाहनचालक, वीजतंत्री ह्यांना आता जर्मन आणि जपानी भाषा शिकविली जाते. ह्यात गैर काही नाही. जाणाऱ्याचे भलेच होईल. मात्र त्यामुळे एक जुना समज मोडतो. भारतीय तरुण स्वस्त आहे म्हणून जगाला हवा आहे, असे धरून चालणाऱ्यांनी पाहावे की जर्मनी त्याला जर्मन पगार द्यायला तयार आहे. अट एकच, की त्याच्या हातात प्रमाणित विद्या असावी.

जबलपूरच्या भिंतीही आता पूर्वीसारख्या उरलेल्या नाहीत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन सरकारी मालकीच्या सात कंपन्या झाल्या आणि जबलपूरचे कारखाने त्यांत वाटले गेले. गन कॅरेजमध्ये ‘धनुष’ तोफ तयार होते. जपानी सहकार्याने २००५ मध्ये उभी राहिलेली अभिकल्प व उत्पादन ह्या विषयांची तंत्रशिक्षण संस्था जबलपुरात आहे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने गुंतवणूकदारांचा मेळावाही तेथे भरविला. अशा मेळाव्यांत जमीन, वीज, पाणी, रस्ते ह्यांच्या तक्त्यांबरोबर तरुणांची संख्याही एका ओळीत दिलेली असते. अनुभवी गुंतवणूकदार त्या ओळीवरून पुढे जातो आणि साधे प्रश्न विचारतो: ही मुले कोणत्या यंत्रावर शिकली, ते यंत्र किती साली घेतलेले आहे, आणि शिकविणाराने स्वतः कारखान्यात किती वर्षे काढली? जबलपुरात ह्यांतल्या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देऊ शकतील असे निवृत्त कारागीर गल्लोगल्ली बसलेले आहेत. संध्याकाळी पारावर ते टॉलरन्सच्या गोष्टी करतात. त्यांना शाळेत बोलाविण्यासाठी शिक्षकाची पदवी मागण्याचा आग्रह थोडा बाजूला ठेवावा लागेल, एवढेच.

कारण वेळ मोजून दिलेला आहे. २०१९ ते २१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात एका स्त्रीमागे सरासरी दोन मुले असे प्रमाण निघाले. मध्यप्रदेशातही ते दोनच होते, महाराष्ट्रात १.७ होते. पिढी आपल्याइतकीच पुढची पिढी मागे ठेवण्यासाठी दोनाहून किंचित अधिक मुले लागतात. म्हणजे तरुणांचा हा पूर आता चढणार नाही. तो काही काळ काठोकाठ राहील आणि मग ओसरेल. २०११ च्या जनगणनेत पाळण्यात मोजलेले मूल २०२७ च्या सुमारास दहावीची परीक्षा देते. आय.टी.आय.त फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. त्यानंतर कारखान्यात शिकाऊ उमेदवारीचे एक वर्ष. चेरीतालमधले ते मूल हातात कसब घेऊन कामाला उभे राहावे असे वाटत असेल तर ते वर्ष २०३० हे आहे, आणि त्याच्यासाठी लागणारे लेथ यंत्र तो प्रवेश घेईल त्या दिवशी कार्यशाळेत बसविलेले असावे लागेल.